चौकटीतला ठिपका

२ नोव्हेंबर

एवढं शिकून तू आता नेमकी कोण झालीस, असं आईने निघताना विचारलं. तो टोमणा नव्हता. शेजारच्या बायकांना सांगायला तिला एक शब्द हवा होता. डॉक्टरीण म्हटलं की कळतं, मास्तरीण म्हटलं की कळतं, ‘रसायनशास्त्राची पदवीधर’ काही तिच्या तोंडात बसत नाही. बाबा सायकलच्या दुकानातून तसेच काळ्या हातांनी सोडायला आले होते. मुलगी परगावी चाललीय, तिची परीक्षा कशाला घेतेस, म्हणून त्यांनी विषय मिटवला. धाकटी मात्र बस हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहून ‘पदवीधरबाई, पदवीधरबाई’ करत होती. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, त्यामुळे ती हे शिवीसारखं आणि पदकासारखं, दोन्ही प्रकारे वापरते.

खोली मात्र मनासारखी मिळाली. गच्चीवरची एकच खोली, बाहेर उघडी गच्ची, पश्चिमेला अडथळा नाही. पूर्वेला रस्ता सरळ चढत जातो आणि टोकाला टेकडीवर गावाची पाण्याची टाकी. त्या टाकीच्या आवारातच माझी प्रयोगशाळा. खाली घरमालकीण काकू राहतात. त्यांचं शिवणाचं दुकान आहे, दोन मशिनं आणि मधे बोलायला एक खुर्ची. दुर्बिणीची नळी जिन्यातून वर नेताना त्यांनी विचारलं, की ही तोफ कुणावर डागणार. चंद्रावर, म्हटलं. बरं झालं, म्हणाल्या, समोरचा किराणावाला फार चढून गेलाय, पण चंद्र लांब आहे, तक्रार घेऊन येणार नाही.

जानेवारीपासून धाकटीलाही इथल्या कॉलेजात घालायचं आहे. प्रवेश डिसेंबरच्या सुरुवातीला. दुसरी खाट लावायला भिंतीकडे जागा मोजून ठेवली.

५ नोव्हेंबर

काम आवडलं. रोज गावाच्या वेगवेगळ्या भागांतल्या नळांचं पाणी बाटल्यांतून येतं. मी ते तपासते, सही करते आणि मगच टाकीची झडप पूर्ण उघडतात. साहेब म्हणतात यात रोमांचक काही नाही. मला वाटतं, एखादी बाई डोळे झाकून तान्ह्या पोराला पाणी पाजते ते कुणाच्या तरी सहीच्या भरवशावर. ती सही आता माझी आहे. हे साहेबांना बोलून दाखवलं तर हसतील, म्हणून इथे लिहिते.

संध्याकाळी कोर दिसली. त्याआधी अंतराळ स्थानक डोक्यावरून गेलं, दिव्यासारखं, न लुकलुकता. हाताने दुर्बीण फिरवत त्याच्यामागे धावले आणि वीतभर रेघ मिळाली. उपग्रहाचं असंच असतं, तो थांबत नाही. चंद्राने मात्र निराश केलं नाही.

खाली लॅपटॉप दाखवायला नेला. काकूंनी विचारलं की एका चंद्राचे हजारो फोटो कशाला. सांगितलं, की मधली हवा हलत असते, म्हणून एकही फोटो नीट येत नाही. प्रत्येकात कुठलातरी तुकडा धड असतो. मग आपण चित्रफीत घ्यायची, कॉम्प्युटरमध्ये चंद्रावरच्या एका विवराभोवती माउसने चौकट आखायची आणि सांगायचं, की सगळी चित्रं या चौकटीला जुळवून एकावर एक ठेव. हलणारं ते खोडलं जातं, खरं ते उरतं. काकू म्हणाल्या, म्हणजे कापडाचे थर. गणवेश कापताना त्या वीस थर एका खुणेला जुळवतात. खूण चुकली तर वीसच्या वीस सदऱ्यांची बाही पाठीवर. एकदा झालंय म्हणे तसं, आणि शाळेने ते घेतलेही.

९ नोव्हेंबर

अर्धा चंद्र. हवा शांत. विवरांच्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या. आणि मधोमध एक काळा ठिपका.

आधी वाटलं उपग्रह चंद्रावरून जातोय. पण तसा उपग्रह पापणी लवायच्या आत निघून जातो, हा चित्रफीतभर तिथेच. मग धूळ असणार. धुळीची परीक्षा सोपी आहे. दुर्बिणीला लावलेला कॅमेरा बसल्या जागी फिरवायचा. ठिपका त्याच्याबरोबर फिरला तर धूळ कॅमेऱ्यावर. जागचा हलला नाही तर नळीत काहीतरी. चंद्राबरोबर सरकत गेला तर तो खरोखर आकाशात.

त्याने तिन्हीपैकी काहीच केलं नाही. मी चौकट आखेन तिथे, चौकटीच्या बरोबर मध्ये तो येतो. चौकट वरच्या विवरावर नेली, ठिपका वर. खालच्या डोंगरावर आणली, ठिपका खाली. आणि हे दुर्बीण आत ठेवल्यावर, आधीच घेतलेल्या चित्रफितीत.

प्रोग्रॅममध्ये दोष असेल. उद्या पुन्हा भरून बघते.

१० नोव्हेंबर

दोष नाही. पाच तारखेच्या कोरीच्या चित्रफितीतही तो आता आहे. तेव्हा नव्हता, मी शपथेवर सांगेन.

आज एक खुळेपणा केला. विवराऐवजी ठिपक्यालाच खूण मानलं आणि सगळी चित्रं त्याला जुळवली. शहाणा माणूस असं करत नाही, कारण मग चंद्र सरकतो आणि फासलेल्या दह्यासारखा होतो. तसाच झाला. पण ठिपका उघडला. त्याला काठ आहे. काठाच्या आत आणखी एक काठ, आणि त्याच्या आत खोली.

मन इतकं भरून आलं की खाली काकूंकडचं जेवण विसरले. कुणी न पाहिलेलं काही पाहायला मिळावं, आणि ते सायकलवाल्याच्या मुलीला. कॉलेजच्या विज्ञान मंडळाच्या सरांना चित्र पाठवलं. ही दुर्बीण त्यांचीच, निरोपाला दिलेली.

१३ नोव्हेंबर

सरांचं उत्तर आलं. त्यांना फक्त हललेला चंद्र दिसतो. चौकट घसरली आहे, पुन्हा कर, आणि झोप घेत जा, असं लिहिलंय. ठिपक्याबद्दल एक अक्षर नाही.

रोज अंधार पडता पडता चित्रफीत घेते आणि कालच्यावर आजची चढवते. साचत जातंय ते. एक गोष्ट मात्र समजत नाही. कुठलाही फोटो मोठा करत गेलं की शेवटी रंगाचे चौकोन दिसू लागतात, त्यापुढे काही नसतं. ठिपका मोठा करत गेलं तरी चौकोन येत नाहीत. आणखी बारकावे येतात. विणीसारखं काही, मग त्या विणीतला एक धागा, मग धाग्यावरची लव. माझ्या कॅमेऱ्यात एवढं मावणं शक्य नाही. त्याला हे बारकावे कुठून मिळतात?

१६ नोव्हेंबर

आज काकूंनी सुई माझ्यासमोर धरली आणि ओवून मागितली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सुईचं नाक सापडेना म्हणाल्या. मलाही सापडलं नाही. नाक नव्हतंच असं नाही, ते पसरलं होतं. सुईच्या टोकाला जरासं धुकं, बस. काकू हसल्या, की मी म्हातारी झाले ते ठीक, तुला काय धाड भरली.

त्यांच्या शिवणी वाकड्या येताहेत. गिऱ्हाईक परत आलं होतं. त्याने कॉलर दाखवून विचारलं की हा सदरा शिवलाय की गुंडाळलाय.

१९ नोव्हेंबर

प्रयोगशाळेत काचनळीतल्या द्रावाची पातळी वाचता येत नाही. रेघ जाड झालीय, वरही आहे आणि खालीही. आकडा कुठे धरायचा? मी सही केली नाही. साहेब म्हणाले चष्मा लावा आणि सही करा, लोक तहानलेत. मी म्हटलं आधी तुम्ही वाचून दाखवा. त्यांनी वाकून पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. मग दुसरी नळी आणायला गेले. तीही तशीच.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डोळे उत्तम आहेत म्हणाले. पण अक्षरांचा तक्ता त्यांनी दोनदा पुसला आणि मग स्वतःच जवळ जाऊन वाचू लागले.

आता लिहूनच टाकते. सगळ्यांचं एकदम बिघडलंय ते ठिपका स्पष्ट झाल्यापासून. जुळणी एका जागी पक्की केली की बाकीचं फासतं. मीच काकूंना शिकवलं होतं हे. चंद्र फासला. मग सुई, मग रेघ. मी ज्याच्याशी जुळवणी केली ते—

छे. मी शिकलेली मुलगी आहे.

२३ नोव्हेंबर

धाकटीचा व्हिडिओ कॉल. चेहरा हलल्यासारखा दिसत होता. नेटवर्क असेल म्हटलं. पण तिच्यामागचं कपाट अगदी नीट होतं, त्याच्या कडीवरचा गंजसुद्धा दिसत होता.

तिच्या उजव्या भुवईत एक तुटकी जागा आहे, लहानपणी दुकानातल्या सायकलवर आपटली होती ती. मी ती शोधत होते. ती जागा नव्हती. भुवईच एका रेषेत नव्हती.

ती हसत सांगत होती, की आईने तिला काल दारात ओळखलं नाही, कुणाची गं तू म्हणून विचारलं. आणि बाबा हल्ली बोलताना तिच्या खांद्याकडे बघतात. पदवीधरबाई, मी एवढी का वाईट दिसायला लागले, असं विचारून ती पुन्हा हसली. हसू थोडं उशिरा पोचलं. ओठ आधी थांबले, मग हसू.

२४ नोव्हेंबर

दुर्बीण झाकून ठेवली. पण ठिपक्याचं चित्र उघडलं, एकदाच. मोठं करत गेले. वीण, धागा, लव. त्याच्या आत सुईचं नाक. लख्ख. त्याच्या आत एक बारीक सरळ रेघ, द्रावाच्या पातळीसारखी. आणखी आत—

भुवई. उजवी. मधली तुटकी जागा.

सगळं पुसून टाकलं. चित्रफिती, चित्रं, प्रोग्रॅमसुद्धा.

२७ नोव्हेंबर

पुसून काही झालं नाही. ते लॅपटॉपमध्ये नाहीच आता. समोरच्या किराणा दुकानाची पाटी वाचता येत नाही. किराणावाला शिडी लावून ती धुवत होता. रंग शाबूत आहे, अक्षरं मात्र एकात एक गेलीत.

ज्याला मी नीट ओळखते ते आधी जातं. म्हणून धाकटी. तिच्याएवढं मी कुणाला पाहिलंय?

धाकटीला येऊ नको म्हणावं का? पण घरी तरी कुठे सुटतेय. ये म्हटलं.

२९ नोव्हेंबर

बसमधून ती उतरली आणि मी दुसऱ्याच मुलीकडे गेले. तिनेच हाक मारली. ताई, म्हणाली, अगं इकडे.

घरी आल्यावर खाली काकूंकडे पाणी दिलं. ग्लास तिच्या ओठांना सापडेना. दोनदा हनुवटीवर सांडलं. तिने ते हसण्यावारी नेलं, म्हणाली प्रवासाने हात थरथरतो. काकूंनी मान वळवली आणि मशीन सुरू केलं, मशिनात कापड नव्हतं.

१ डिसेंबर

कॉलेजमध्ये प्रवेशासाठी तिचा फोटो काढतात. यंत्र चेहरा घेत नाही. सरळ बघा, हलू नका, असं खिडकीतला माणूस सांगत राहिला. ती हललीच नव्हती. शेवटी त्याने विचारलं की चेहरा आहे ना. गंमत केली त्याने. रांग हसली.

खोलीत आल्यावर मला म्हणाली, की ताई, मी जातेय का कुठे?

मी म्हटलं नाही. मी म्हटलं तू कुठे जाणार नाहीस.

२ डिसेंबर

जुळणीने गेलं ते जुळणीनेच यायला हवं. एवढंच सुचतंय.

प्रोग्रॅम पुन्हा भरला. दुर्बीण रस्त्यापलीकडच्या पाटीवर रोखली, संध्याकाळच्या उजेडात. चित्रफीत घेतली. चौकट आखली. ठिपका चौकटीत आलाच. पण या वेळी मी त्याच्याकडे बघितलं नाही. चौकटीत पाटीचं पहिलं अक्षर धरलं आणि सगळी चित्रं त्या अक्षराला जुळवली. माउस हातातून सुटू पाहत होता. सोडला नाही.

अक्षरं परत आली. खरोखरच्या पाटीवर. किराणावाला बाहेर येऊन बघत राहिला, मग आत जाऊन बायकोला घेऊन आला. म्हणाला धुतल्याचा परिणाम उशिरा होतो.

माझ्या डाव्या हाताची बोटं नाहीत. म्हणजे आहेत, पण मोजता येत नाहीत. दुखत नाही. दुर्बिणीच्या चाकावर तोच हात होता.

समोरचं जेवढं ठळक होतं, तेवढं दुर्बिणीच्या अलीकडचं जातं.

३ डिसेंबर, सकाळ

पाटी म्हणजे चार अक्षरं. तेवढ्याला चार बोटं. चेहऱ्याला—

रात्रभर हिशेब केला नाही. करायचाच नाही असं ठरवलं. चौकट कुणीतरी आखायला हवीच, आणि हे काम दुसऱ्या कुणाला सांगणार? काकूंचे डोळेही जाताहेत. काल त्यांनी मला धाकटी समजून कुशीत घेतलं आणि कळल्यावरही सोडलं नाही.

एका चौकटीत दोन चेहरे मावतील. गालाला गाल लावला तर.

दोघींना दुर्बिणीजवळ ठेवायचं नाही, म्हणून धाकटीला आणि काकूंना टाकीपाशी उभं राहायला सांगितलं आहे. सांगितलं की गावाची आठवण म्हणून फोटो. काकू म्हणाल्या, या वयात फोटो, तोही मैलभरावरून, म्हणजे तुझी आवड चांगली आहे. धाकटी म्हणाली लांबून तरी मी बरी दिसेन.

साहेबांना निरोप दिला, की माझ्या सहीविना झडप उघडू नका, दुसरी माणसं नेमेपर्यंत पाणी उकळून प्यायला सांगा.

३ डिसेंबर, संध्याकाळ

झालं. चौकट आखली, ठिपका आला, त्याच्याकडे न बघता भुवई धरली. तुटकी जागा. मग काकूंच्या डोळ्याजवळच्या सुरकुत्या. बटण दाबलं. आता काही परत घेता येत नाही.

जुळणी चालू आहे. दिसतंय मला. नुसत्या डोळ्यांनी दिसतंय, एवढ्या लांबून. धाकटीचे दात. काकूंच्या पदराचा काठ, त्यावरचा प्रत्येक टाका. काकूंनी पिशवीतून सुई काढली आणि उजेडाकडे धरली आणि

ओवली.

दोघी उतरून येताहेत. धाकटी पुढे, जवळजवळ पळत.

गच्चीच्या दाराला आतून कडी लावली आहे. तिने मला अशी बघू नये. लॅपटॉप पाण्याच्या बादलीत आहे, आरसा फोडला आहे, तुकडे पोत्यात. तिने कधीच यात डोळा लावू नये. सुई ओवली गेली तसं हे सगळं उरकलं, उजवा हात धड असेपर्यंत. पेन अजून

अक्षर वाकडं येतंय. मला ते नीट दिसतही नाही.

दार वाजतंय. ती. ताई उघड, म्हणतेय, काकूंनी आरसा दाखवला, ताई मी बघितलं स्वतःला, उघड ना, मी कशी दिसते सांग—

सांगतेय. ओरडून सांगतेय. स्पष्ट दिसतेस. दाराच्या आतूनसुद्धा, भुवई, ती जागा, सगळं, तू इतकी—

तिला ऐकू जात नाही. काकूंना विचारतेय की ताई कुठे गे